आपल्याच माणसाची कंपनी

पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी मी की-बोर्ड वाजवला होता. गायकाने चाली गुणगुणून दाखवल्या. मधले सगळे तुकडे, सुरुवातीची बासरी (तीही की-बोर्डावरचीच), कुठे भजनी ठेका आणि कुठे केरवा, कडवं संपून मुखड्यावर यायची वळणं, हे सगळं मी बसवलं. रात्री दोन वाजता हातात पाकीट पडलं. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर गायक होते, गीतकार होते, निर्माते होते, ‘विशेष आभार’ म्हणून एक नगरसेवकही होते. मी नव्हतो. निर्माते आमच्याच आळीतले, वडिलांच्या ओळखीचे. आपल्याच माणसाला काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो.

ही काही मोठी शोकांतिका नव्हे. पाकिटात ठरलेले पैसे होते आणि त्या महिन्यात ते उपयोगीही पडले. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मॅनी फ्रेश नावाच्या माणसाची कारकीर्द वाचताना-ऐकताना मला ती आळी सारखी आठवत राहते. फरक इतकाच की त्याच्या कॅसेटी लाखांनी खपल्या.

मॅनी फ्रेश म्हणजे बायरन थॉमस. जन्म १९६९, न्यू ऑर्लिन्स शहरातला सेव्हन्थ वॉर्ड. वडील स्वतः डीजे, घरात रेकॉर्ड्सचा ढीग. पोरगा शाळेच्या वयातच वस्तीतल्या पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड फिरवायला लागला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ग्रेगरी डी या रॅपरबरोबर त्याने गाणी काढली. ती शहरात वाजली, शहराबाहेर कुणी विचारलं नाही. १९९३ मध्ये तो कॅश मनी रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीत आला. ब्रायन आणि रोनाल्ड विल्यम्स या दोन भावांनी ती १९९१ मध्ये काढली होती. ब्रायन म्हणजे पुढे बर्डमॅन म्हणून गाजलेला. कॅसेटी गाडीच्या डिकीत टाकायच्या आणि दुकानोदुकानी द्यायच्या, असा धंदा.

इथे एक शब्द सोडवून घ्यायला हवा. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की पैसे घालणारा डोळ्यांसमोर येतो. हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे संगीत करणारा: ठेका बांधणारा, सूर भरणारा, रॅपरला कुठे थांबायचं आणि कुठे घुसायचं ते सांगणारा. आपल्या भाषेत संगीतकार, संयोजक आणि अर्धा तालमास्तर असा तिघांचा मिळून एक. १९९३ पासून पुढची बारा वर्षं कॅश मनीच्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर हे तिन्ही काम एकट्या मॅनी फ्रेशने केलं. ज्युवेनाइल, बी. जी., टर्क आणि पोरसवदा लिल वेन, हे चौघे मिळून ‘हॉट बॉइज’. चौघांच्या मागे वाजणारा हात एकच. शिवाय बर्डमॅनबरोबर ‘बिग टायमर्स’ या जोडीत तो स्वतः रॅप करायचा, तेही स्वतःचीच टिंगल करत. भाड्याचे पैसे नाहीत पण गाडीची चाकं चकचकीत, असल्या माणसाची मजेदार बढाई त्याच्या आवाजात फार गोड वाटते. त्यांचा ‘हूड रिच’ हा अल्बम २००२ मध्ये बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याचं काम म्हणजे नेमकं काय, हे कानांनी कळायला हवं. त्याने केलेलं सर्वांत गाजलेलं गाणं १९९९ चं, ज्युवेनाइलचं ‘बॅक दॅट ॲझ अप’. शीर्षकाचं मराठी मी करणार नाही. लावणीला बसलेल्या माणसाला ते न सांगता कळेल. सुरुवातीला काही क्षण नुसती व्हायोलिनं, एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी उठून उभं राहावं अशी ऐटदार. मग खालून ८०८ नावाच्या यंत्राचा खर्ज येतो. रोलँड कंपनीचं हे ताल-यंत्र १९८० मध्ये निघालं आणि तीन वर्षांत बंदही पडलं, जेमतेम बारा हजार नग विकले गेले. गोरगरिबांच्या पोरांनी ती जुन्या बाजारातून उचलली आणि त्यांवर जगभरची गाणी उभी केली. या खर्जावर जे बारीक, कडकडीत ठोके गडगडत जातात ते मात्र यंत्राचे वाटत नाहीत. मला त्यांत न्यू ऑर्लिन्सच्या शाळांमधली बँडपथकं ऐकू येतात. त्या शहरात माणूस मेला तरी पितळी बँड पुढे आणि नाचणारी गर्दी मागे. त्या मागच्या गर्दीलाच ‘सेकंड लाइन’ म्हणतात. लय मिनिटाला पंचाण्णव ठोक्यांच्या आसपास, चालायलाही बरोबर आणि नाचायलाही. हेडफोन लावून फक्त डावी बाजू ऐका, मग फक्त उजवी. शब्द काढून टाकले तरी गाणं उभं राहतं. ठेका काढला तर उरते ती एका माणसाची बडबड.

ज्युवेनाइलच्या ‘हा’ या गाण्याचंही तेच. प्रत्येक ओळ ‘हा’ या हुंकारावर संपते, जणू पारावर बसलेला माणूस समोरच्याला ‘काय, खरं की नाही?’ म्हणून टोचतोय. ते बोलणं न्यू ऑर्लिन्सबाहेर कुणाला धड समजत नव्हतं. मॅनीने त्याखाली इतका मोकळा ठेका ठेवला की शब्द न कळताही मान हलावी. ‘४०० डिग्रीझ’ या अल्बममधली ही दोन्ही गाणी. संपूर्ण अल्बमचं संगीत त्याचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या या अल्बमला अमेरिकेत चार वेळा प्लॅटिनम मिळालं, म्हणजे चाळीस लाखांचा हिशेब. त्याच काळातल्या बी. जी.च्या एका गाण्यातला ‘ब्लिंग ब्लिंग’ हा शब्द काही वर्षांतच ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला. तो ठेकाही मॅनीचाच.

आता मुद्द्याकडे येतो.

१९९८ मध्ये विल्यम्स बंधूंनी युनिव्हर्सल या अजस्र कंपनीशी वितरणाचा करार केला. छापून आलेला आकडा सुमारे तीन कोटी डॉलरचा. पण आकड्यापेक्षा अटी गाजल्या. नफ्यातले ८० टक्के कॅश मनीचे, २० युनिव्हर्सलचे, आणि मास्टर्सची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची, मालकी कॅश मनीकडेच. त्याच शहरातल्या मास्टर पी या रॅपरने आधीच प्रायॉरिटी कंपनीशी याच धर्तीचा करार केलेला. कृष्णवर्णीय संगीताचा शंभर वर्षांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको. ‘मास्टर्स आपल्या हातात ठेवा’ हा हिप-हॉपमधला मंत्र तिथून घट्ट झाला आणि आजही प्रत्येक मुलाखतीत जपला जातो.

या मंत्रावरच माझा आक्षेप आहे. मालकी परक्याकडून आपल्या माणसाकडे आली की राबणाऱ्याला त्याचं देणं आपोआप पोचतं, असं तो गृहीत धरतो. कॅश मनीच्या बाबतीत काय घडलं बघा. करार झाल्यावर तीन-चार वर्षांतच बी. जी., टर्क आणि ज्युवेनाइल पैशांच्या तक्रारी घेऊन बाहेर पडले; ज्युवेनाइल एका अल्बमपुरता परत आला. २००५ मध्ये मॅनी फ्रेश गेला. हिशेबाच्या भांडणावरून गेलो, हे त्याने मुलाखतींत सांगितलेलं आहे. ज्याला कंपनीचं लेकरू म्हणायचे त्या लिल वेननेही २०१५ मध्ये पाच कोटी दहा लाख डॉलरचा दावा ठोकला; तो २०१८ मध्ये आपसात मिटला. एकदोघांचं बिनसलं असतं तर स्वभाव म्हणून सोडून देता आलं असतं. चारही हॉट बॉइज आणि त्यांचा संगीतकार, पाचहीजण वेगवेगळ्या वर्षी त्याच दाराने बाहेर पडतात तेव्हा चौकट तपासावी लागते.

८०-२० ची वाटणी दोन कंपन्यांमधली होती. त्या ८० च्या आत कुणाला किती, हे तो करार सांगत नव्हता; सांगायचं कारणही नव्हतं. वर्तमानपत्रांनी बातमी केली ती वरच्या रेषेची. खालच्या रेषेला बातमीमूल्य नसतं.

न्यू ऑर्लिन्सला ‘घरचा संगीतकार’ ही परंपरा नवी नाही. पन्नासच्या दशकात गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोमागे डेव्ह बार्थोलोम्यू होता. रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या कोझिमो मटासाच्या स्टुडिओत तो बँड बसवायचा, चाल घडवायचा, आणि रेकॉर्ड निघायची लॉस एंजेलिसच्या इम्पीरियल कंपनीतर्फे. साठच्या दशकात तेच काम ॲलन तूसाँने केलं, अर्ध्या शहराच्या गायकांसाठी. काही गाण्यांवर तर त्याने आईचं नाव लावलं. मॅनी फ्रेश त्या रांगेतला तिसरा. आधीच्या दोघांना एक गोष्ट तारून गेली: गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावं गाण्यांवर नोंदलेली होती. त्याही आधी जॅझचा पियानोवादक-रचनाकार जेली रोल मॉर्टनचं काय झालं ते जॅझच्या अभ्यासकांना पाठ आहे. त्याच्या रचना शिकागोच्या प्रकाशकांनी छापल्या, गाजवल्या, आणि रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व त्याला मिळालं ते १९३९ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी. तेव्हा बोट दाखवायला गोरा प्रकाशक होता. १९९८ नंतर बोट दाखवायला कुणी उरलं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं. शोषणाची गोष्ट सांगताना खलनायक बाहेरचा असला की आपल्याला बरं पडतं.

विल्यम्स बंधूंची बाजू लंगडी नाही. पदरचे पैसे त्यांनी घातले. ज्या वस्तीत बँक दारात उभं करत नव्हती तिथे कंपनी काढली, युनिव्हर्सलच्या वकिलांसमोर बसून असा करार ओढून आणला जो मोठमोठ्या गायकांनाही जमला नव्हता. धोका पत्करणाऱ्याने मोठा वाटा घ्यावा, यात गैर काही नाही. मॅनी सज्ञान होता, त्याच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. हे सगळं मान्य. पण बारा वर्षं एकाच घरात, एकाच टेबलावर खाऊन काम करणाऱ्या माणसाला कागद मागायचा संकोच किती असतो, हे ज्याने आळीतल्या निर्मात्याकडे वाजवलं आहे त्याला विचारा. परक्या कंपनीत गेलो की वकील नेतो. घरच्या कंपनीत वकील नेणं म्हणजे अविश्वास. या संकोचावर जगभर किती कंपन्या उभ्या आहेत कोण जाणे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मॅनीचा ठेका मॅनीचाच कशावरून? न्यू ऑर्लिन्सच्या ज्या ‘बाउन्स’ नृत्यसंगीतातून तो आला त्याचा पाया शोबॉइज नावाच्या जोडगोळीची ‘ड्रॅग रॅप’ ही १९८६ ची रेकॉर्ड. जोडगोळी न्यूयॉर्कच्या क्वीन्सची. न्यूयॉर्कात ती फारशी चालली नाही, पण मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्सच्या डीजेंनी तिच्यातला ठोक्यांचा आणि घंटीसारख्या सुरांचा तुकडा पळवला, तोच पुन्हा पुन्हा फिरवत वर वस्त्यांची नावं पुकारायला सुरुवात केली. १९९१ मध्ये टी. टकरने त्यावर पहिलं बाउन्स गाणं केलं असं मानतात. पुढे शेकडो गाण्यांत तोच तुकडा. आरोळ्याही सामाईक: एकाने म्हणायचं, गर्दीने उत्तर द्यायचं. गोंधळातल्या ‘उदे गं अंबे उदे’वर जसा कुणाचा ताम्रपट नसतो, तसं.

आणि त्या सामाईक विहिरीवर खटला झालाच. डीजे ज्युबिली हा शाळेत विशेष मुलांना शिकवणारा, वस्तीत फार लाडका बाउन्स गायक. ‘बॅक दॅट ॲझ अप’ या शीर्षकाशी जवळजवळ जुळणारं त्याचं गाणं ज्युवेनाइलच्या आधीचं. त्याच्या कंपनीने कॅश मनीवर दावा लावला, ज्यूरीने कॅश मनीच्या बाजूने कौल दिला आणि २००४ मध्ये अपील कोर्टाने तो उचलून धरला. मला तो निकाल पटतो. रस्त्यावरची आरोळी एकाच्या नावावर केली तर उद्या नाचायलाही परवाना लागेल. ज्युबिलीबद्दल वाईट वाटतं, वाटायलाच हवं. एकाच गल्लीतल्या दोघांपैकी एकाला लॉटरी लागली. पण आरोळी सामाईक असणं आणि तिच्याभोवतीचं बांधकाम सामाईक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ती व्हायोलिनं गल्लीतून आली नव्हती. ८०८ चा खर्ज कुठे सोडायचा आणि कुठे एक मात्रा रिकामी ठेवायची, हे कुणीतरी रात्रभर बसून ठरवलेलं आहे. विहीर गावाची, पण पाणी शेंदणाऱ्याची मजुरी गावाची नसते.

ती मजुरी कायदा कशी मोजतो? अमेरिकेत एका गाण्याच्या दोन मिळकती. एक रचना: चाल आणि शब्द. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. रचनेत रिवाजाने ठेक्यावाल्याला निम्मा वाटा मिळतो, पण रिवाज म्हणजे कायदा नव्हे; नाव नोंदलं गेलं तर. मास्टर कंपनीचं. त्यातून प्रोड्यूसरला ‘पॉइंट’ मिळतात, एक पॉइंट म्हणजे एक टक्का, साधारण तीन-चार, तेही करारात लिहिले असतील तर आणि कंपनीने आपला खर्च वळता करून घेतल्यावर. साधा रेडिओ तिथे रचनेचे पैसे देतो, मुद्रणाचे दमडीही देत नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओ देतात: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला, ५ बाकीच्या वादक-गायकांना. या शंभरात प्रोड्यूसरचं खातंच नाही.

२०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टमध्ये याची पहिल्यांदा दखल घेतली गेली. कशी? मुख्य कलाकाराने ‘माझ्या हिश्श्यातून याला इतके द्या’ असं पत्र लिहिलं तर वसुली करणारी संस्था प्रोड्यूसरला परस्पर पैसे देईल. पत्र नसेल तर? १ नोव्हेंबर १९९५ पूर्वीच्या मुद्रणांसाठी सोय आहे: चार महिने प्रयत्न करूनही कलाकाराचं पत्र मिळालं नाही आणि त्याने हरकतही घेतली नाही, तर दोन टक्के मिळू शकतात. त्यानंतरच्या मुद्रणांसाठी पत्राशिवाय काहीच नाही. ‘४०० डिग्रीझ’ तीन वर्षांनी हुकतो. मॅनी फ्रेशचा सोन्याचा काळ अख्खाच्या अख्खा त्या तारखेच्या पलीकडे पडतो.

म्हणजे एकविसाव्या शतकात कायदा सुधारला तोही मर्जीवर बेतलेला. ज्याच्याशी भांडून बाहेर पडलात त्याच्याकडे जाऊन चिठ्ठी मागायची. बलुत्यासाठी खळ्यावर उभं राहण्यासारखंच हे. माझं म्हणणं सरळ आहे: त्या शंभर टक्क्यांत ध्वनिमुद्रण घडवणाऱ्याचा वाटा कायद्यानेच लिहावा, जसा वादकांचा पाच टक्के लिहिला आहे, आणि तो कुणाच्या पत्रावर लटकू नये. प्रोड्यूसर नेमका कोण हे ठरवताना भांडणं होतील हे खरं. वादकांच्या पाच टक्क्यांतही ती होतात. म्हणून तो वाटा कुणी काढून टाकला नाही.

आपल्याकडे तर गंमत आणखी पुढची. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. मोठंच पाऊल. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘निर्माता’ म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि मुद्रणाचा कर्ताही तोच. मॅनी फ्रेश मुंबईत असता तर कायद्याच्या लेखी प्रोड्यूसर बर्डमॅन ठरला असता! संयोजकाचं नाव त्या व्याख्यांत कुठेच नाही. हे निव्वळ दूरचं साम्यही नाही. न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेट मुंबईत पोचला होता तो हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांच्या हातून. सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणायचे, भारताचा लुई आर्मस्ट्राँग. सी. रामचंद्र यांचे ते सहायक. भगवानदादांच्या ‘अलबेला’तली ती पितळी धमाल आजही वरातीत पाय हलवते. लग्नात नाचणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना सी. रामचंद्र माहीत असतील, चिक चॉकलेट एखाद्याला. गोव्याच्या त्या सगळ्या वादक-संयोजक पिढीचं हेच झालं. सी. रामचंद्रांचं, अण्णांचं, मोठेपण यात कमी होत नाही. पण हिशेब हिशेबाच्या जागी.

एक कबुली द्यायला हवी. मॅनीच्या ठेक्यांवर जे शब्द चढले त्यांतले पुष्कळसे बायकांबद्दल असे आहेत की घरात गाणं मोठ्याने लावताना हात आखडतो. बाउन्समध्ये बाईमाणसं नुसती नाचत नाहीत, माइक हातात घेऊन तितक्याच तिखट भाषेत परतफेड करतात, असं त्याचं समर्थन केलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. माझं मन अर्धंच मानतं. मात्र शब्द ओंगळ म्हणून वाजवणाऱ्याची मजुरी बुडाली तर चालेल, हा युक्तिवाद तमाशाच्या ढोलकीवाल्यालाही लावला गेला होता, म्हणून तो मला नको.

मॅनी गेला त्याच वर्षी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कट्रिना वादळ आलं, बांध फुटले, शहर पांगलं. ‘हा’चं चित्रीकरण ज्या मॅग्नोलिया वसाहतीत झालं होतं ती आणि तिच्यासारख्या आणखी तीन सरकारी वसाहती पाडायचं नगर परिषदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने ठरवलं. त्या घरांतली बहुतेक माणसं परत आली नाहीत. चित्रफितीतल्या त्या पायऱ्या, ते कठडे आता फक्त चित्रफितीत आहेत. आणि चित्रफीत ज्याच्या मालकीची, त्याच्यासाठी ती अजून कमावते.

मॅनी स्वतः काही भीक मागत फिरला नाही. जीझी, टी. आय. या रॅपरांसाठी लगेचच गाजणारी गाणी केली. ज्युवेनाइलबरोबर पुढे पुन्हा कामही केलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ या छोटेखानी मैफलीत ज्युवेनाइल गायला तेव्हा मॅनी तिथे होता, जॉन बटिस्ट आणि ट्रॉम्बोन शॉर्टी हे त्याच शहरातले वादकही. लोकांनी ‘बॅक दॅट’ पुन्हा वाजवायला लावलं. ऑफिसातल्या टेबलांमध्ये दाटीवाटीने उभे राहिलेले पन्नाशीचे लोक चोवीस वर्षांपूर्वीचं गाणं दुसऱ्यांदा ऐकून नाचताहेत, हे बघायला मजा येते.

माझा भाचा रॅप करतो. मराठीत, आणि बरा करतो. गेल्या दिवाळीत त्याने मला नवं गाणं ऐकवलं. शब्द ठीक होते, ठेका मात्र असा की मी मध्येच थांबवून पुन्हा लावायला सांगितलं. कुणी केला? म्हणाला, साताऱ्याकडचा एक पोरगा आहे, इन्स्टावर भेटला, दोन हजारात दिला. वाटणीचं काही लिहून ठेवलंय का, गाणं चाललं तर त्याला किती, तुला किती? तो हसला. ‘मामा, कागदबिगद कशाला? तो आपलाच माणूस आहे.’

मी विचारलं, त्याचं आडनाव काय?

त्याने मोबाइल काढला आणि बराच वेळ शोधत बसला.